केळी धुवायचं हायपो, डायऑक्साइडच्या गोळ्या आणि क्लोरीनची पट्टी: रावेरकडच्या शेडवरून रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्याने तेवढं वाचून निघावं. हायपोच्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या, कॅनला ५ पैकी ३. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्यांना साडेतीन. क्लोरीन मोजायच्या कागदी पट्ट्यांना ५ पैकी ५, सहावा असता तर तोही दिला असता. ज्या दुकानातून कॅन आणला त्याला २, ते पण तिथला पोरगा कॅन गाडीत नीट दोरीने आवळून देतो म्हणून. दुकानाचं नाव लिहित नाही, जळगावात अशी दुकानं ढीगभर आहेत आणि सगळीकडे साधारण हेच ऐकायला मिळतं.

आमचं रावेर तालुक्यात गटाचं पॅकिंग शेड आहे. बराचसा माल साधाच, १३ किलोच्या बॉक्समध्ये आखातात जातो. पण गटातल्या काही जणांच्या बागा ऑरगॅनिक सर्टिफाइड आहेत, त्यांची केळी पावडर करणाऱ्याकडे जाते आणि ती पावडर पुढे अमेरिकेला. आता तिकडे ऑरगॅनिक म्हणून विकायचं तर आपलं एनपीओपीचं, म्हणजे भारताच्या ऑरगॅनिक नियमाचं, सर्टिफिकेट पुरत नाही, अमेरिकेने २०२१ च्या जानेवारीत ती मान्यता काढून घेतली आणि जुलै २०२२ पर्यंतच मुदत दिली होती, तेव्हापासून थेट त्यांच्या यूएसडीएच्या, म्हणजे शेती खात्याच्या, एनओपी या ऑरगॅनिक नियमाने सर्टिफिकेट काढावं लागतं. एनपीओपी आणि एनओपी, गटाच्या मीटिंगमध्ये अर्धा वेळ कोण कशाबद्दल बोलतोय हेच कळत नाही. असो.

तर एनओपीच्या इन्स्पेक्शनला मॅडम आल्या आणि त्यांनी कॅन बघितलाच नाही. लोकांनी कॅन पुसून-बिसून समोर मांडून ठेवला होता, त्यावर हिरव्या पानाचं स्टिकर, खाली ऑरगॅनिकला चालतं असं छापलेलं. मॅडम थेट धुवायच्या लाइनच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या, जिथे केळीवर शेवटचं पाणी पडतं, आणि विचारलं, या पाण्यात क्लोरीन किती आहे आणि त्याचं रजिस्टर कुठंय. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

मला या अख्ख्या रिव्ह्यूत हेच सांगायचंय. लोक दुकानात जाऊन विचारतात दादा ऑरगॅनिकला चालणारं सॅनिटायझर द्या, जसं काही तो नियम कॅनचा आहे. नियम कॅनचा थोडा आहे आणि पाण्याचा जास्त आहे. अमेरिकेच्या यादीत क्लोरीनचे चारच प्रकार आहेत: कॅल्शियम हायपोक्लोराइट, सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीन डायऑक्साइड आणि विजेने मिठाच्या पाण्यातून बनवलेलं हायपोक्लोरस अॅसिड, हे चौथं २०१९ मध्ये आत आलं. माल धुताना हौदातल्या पाण्यात लेबलवर जेवढं परवानगीचं आहे तेवढं टाका, पण त्याच्यानंतर लगेच पिण्याच्या पाण्याने खंगाळायचं आणि त्या खंगाळायच्या पाण्यात क्लोरीन तिकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर नको. ती मर्यादा क्लोरीनला लिटरला ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४ पीपीएम, आणि क्लोरीन डायऑक्साइडला ०.८. मोजायचं कुठे, तर माल आणि पाणी शेवटचं जिथे भेटतं तिथे. २०११ मध्ये यूएसडीएने यावर वेगळं मार्गदर्शन काढलं कारण तिकडच्या लोकांचा पण असाच घोळ होत होता, काहीजण समजत होते हौदातच ४ च्या वर जायचं नाही. ४ पीपीएमने हौदातला चीक आणि माती काय घंटा साफ होणार.

मग दुकानदार जे हिरवं पान दाखवतो त्याचा उपयोग काय? काही नाही. मी त्याला म्हणलं, दादा यात हायपोशिवाय अजून काय काय आहे ते लिहिलेला कागद द्या. तो म्हणे, "अहो भाऊ, ऑरगॅनिकचंच आहे ते, सगळे नेतात." सगळे नेतात हे उत्तर खान्देशात कुठल्याही प्रश्नाला चालतं. पण सर्टिफिकेशनवाल्याला चालत नाही, त्यांना उत्पादनाचं नाव, कंपनी, त्यातले घटक, सगळं आधी प्लॅनमध्ये लिहून द्यावं लागतं, मंजूर झालं की मग वापरायचं. शेजारच्याच रॅकवर तेच हायपो लिंबाच्या वासाचं होतं, फरशी पुसायचं, त्यात सुगंध आणि घट्ट करायचं काहीतरी असतं, ते स्वस्त पडतं म्हणून नेणारे पण आहेत. ते केळीच्या हौदात टाकायची वस्तूच नाही, ऑरगॅनिकचं सोडाच. कागद नाही मिळाला म्हणून दुकानाचे मार्क गेले. तारीख नाही मिळाली म्हणून अजून गेले. तारखेचं पुढे सांगतो.

हायपोचं वापरायला काही अवघड नाही. घड कापून आला की फण्या काढतात, तिथून चीक गळतो, तो सालीवर वाळला की काळा डाग पडतो आणि व्यापारी लगेच रेट पाडतो, म्हणून फण्या हौदात सोडायच्या, पाण्यात तुरटी आणि हायपो. १० टक्क्याचं हायपो असेल तर १००० लिटरच्या हौदात १ लिटर टाकलं की १०० पीपीएम होतं, हिशोब एवढा सोपा आहे. हायपो केळीला निर्जंतुक वगैरे करत नाही, ते पाणी सांभाळतं, म्हणजे एका सडलेल्या फणीची बुरशी हौदातल्या बाकी सगळ्या फण्यांच्या कापलेल्या देठाला लागू नये एवढ्यासाठी ते असतं. क्राऊन रॉट, म्हणजे फणीचं कापलेल्या देठाकडून सडणं, ज्याने एकदा बॉक्स उघडून बघितलाय त्याला हे सांगायची गरज नाही.

आता पट्टीकडे येतो कारण खरी मजा तिथे आहे. दोन प्रकारच्या घ्या. एक ० ते २०० पीपीएमची, ती हौदासाठी. दुसरी कमी रेंजची, ० ते १० किंवा ० ते ५, ती शेवटच्या पाण्यासाठी. एकीने दोन्ही कामं होत नाहीत, मोठ्या रेंजच्या पट्टीवर ४ पीपीएम म्हणजे अगदी फिक्कट छटा असते, त्यात ३ आणि ८ चा फरक कोणाच्या बापाला दिसत नाही. पट्टी बुडवायची, बाहेर काढायची, बाटलीवर जेवढे सेकंद लिहिलेत तेवढे थांबायचं आणि बाटलीवरच्या रंगाच्या चौकोनांशी जुळवायचं. हे पत्र्याच्या शेडच्या आत करू नका, आतल्या उजेडात सगळंच जांभळट दिसतं, दाराशी सावलीत येऊन बघा.

सकाळी ताजं पाणी, हायपो मोजून टाकलेलं, पट्टी गडद जांभळी, १०० च्या चौकोनाला जाऊन भिडली. सगळे खूष. मग पिलबागेचा, म्हणजे जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या पुढच्या पिकाचा, माल यायला लागला, त्याला मातीही जास्त आणि चीकही, पाणी हळूहळू चहाच्या रंगाचं झालं. अमळनेरकडचे एक आप्पा आहेत आमच्याकडे, हौदावर तेच असतात, त्यांना पट्टी दिली होती. थोड्या वेळाने हाक मारली, "हाई पट्टी ते कोरीच राह्यनी भो!" त्यांना वाटलं पट्टी खराब निघाली. दुसरी बुडवली, ती पण कोरी. पट्टी बरोबर होती, क्लोरीन संपलं होतं. चीक, माती, पाला, सगळं मिळून क्लोरीन खाऊन टाकतं, मग हौदात हायपोचा वास मारतोय, डोळे चुरचुरतात, पण मोकळं क्लोरीन, म्हणजे घाणीला न चिकटलेलं, कामाचं, ते शून्य. उलट वास जास्त येतो तो क्लोरीन घाणीला चिकटल्यावरच जास्त येतो. इतकी वर्षं सगळ्या शेडवर वासावरच चाललंय, वास आला म्हणजे औषध आहे. पट्टीने ते एका सकाळीत खोटं पाडलं.

आणि दुसऱ्या टोकाचं पण लक्षात ठेवा, पट्टीऐवजी डीपीडीचं किट घेतलं, म्हणजे पावडर टाकून पाणी गुलाबी होतं ते, तर ते कमी रेंजला पट्टीपेक्षा चांगलं आहे, पण हौदाचं जास्त क्लोरीनचं पाणी त्यात टाकलं तर रंग येऊन लगेच उडून जातो आणि माणसाला वाटतं क्लोरीन नाहीच. मग तो अजून ओततो. किट हे फक्त शेवटच्या पाण्याला वापरायचं. काही जण ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटीची (ऑर्थोटोलिडीनची) बाटली मागून आणतात, पिवळा रंग येतो ती. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही एवढं बघायला ती ठीक आहे, पण ते रसायन अंगाला चांगलं नाही आणि त्यात मोकळं आणि चिकटलेलं क्लोरीन वेगळं कळत नाही, तेव्हा खायच्या मालाच्या शेडमध्ये आणू नका.

पाण्याच्या पीएचची पट्टी पण सोबत घ्या, स्वस्त असते. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, त्यात हायपो स्वतःच अल्कली, टाकलं की पीएच अजून वर जातो. पीएच साडेसातला असेल तर क्लोरीनमधला साधारण अर्धा भाग कामाचा असतो, साडेआठला गेला की जेमतेम दहावा हिस्सा. पट्टी दोन्ही वेळेला सारखंच मोकळं क्लोरीन दाखवते, त्यामुळे माणूस फसतो. हौदाच्या पाण्यात थोडं सायट्रिक अॅसिड टाकून पीएच साडेसहा ते सातच्या मध्ये आणला की कमी हायपोत काम होतं. अॅसिड पाण्यात टाकायचं, हायपोच्या कॅनमध्ये किंवा त्याच्या मगात चुकूनही नाही, क्लोरीनचा गॅस निघतो आणि तो माणूस आडवा करतो. ड्रिपवाले म्युरिअॅटिक (हायड्रोक्लोरिक) अॅसिडचे कॅन त्याच शेडच्या कोपऱ्यात ठेवतात, हायपोच्या अगदी शेजारी, सेम निळा कॅन, हे बघितलं की माझ्या अंगावर काटा येतो. वेगळ्या खोलीत ठेवा राव.

आता तारखेचं. हायपो ही टिकणारी वस्तू नाही. ऊन आणि उष्णता लागली की ताकद कमी होत जाते, तापमान १० अंशाने वाढलं की खराब व्हायचा वेग ३ ते ४ पट होतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगाव ४५ च्या वर जातं, त्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये काय होत असेल विचार करा. कॅनवर १० टक्के छापलंय, आत ६ राहिलंय की ४, कोणाला माहीत. माणूस १ लिटर टाकून १०० समजतो आणि असतं ५०. दुकानदाराला विचारलं हा कॅन कधी भरलाय, तर म्हणे "आत्ताच आलाय." आत्ताच म्हणजे कधी, तर गेल्या सीझनच्या लॉटचा असेल. तारीख कुठेच नाही, बॅच नंबरही नाही.

नुसती ताकद गेली असती तर जास्त टाकून भागलं असतं. पण हायपो जुनं होतं तेव्हा त्यातून क्लोरेट तयार होतं, आणि हे क्लोरेट क्लोरीनच्या पट्टीवर दिसत नाही. युरोपवाले याच्या मागे हात धुवून लागलेत. सोडियम क्लोरेट हे पूर्वी तणनाशक होतं, तिकडे २००८ मध्ये त्याची मान्यता गेली, आणि तेव्हापासून मालात क्लोरेट सापडलं की ते कीटकनाशकाच्या अवशेषांच्या कायद्यात मोजतात. आधी सगळ्या मालाला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम अशी मर्यादा लागायची, मग त्यांच्याच लक्षात आलं की हे शेतातून नाही तर धुवायच्या पाण्यातून येतंय, म्हणून २०२० मध्ये पिकाप्रमाणे वेगळ्या मर्यादा ठरवल्या, त्या २८ जून २०२० पासून लागू झाल्या. क्लोरेटची भीती थायरॉइडमुळे आहे, शरीराला आयोडीन घेऊ देत नाही, लहान पोरांना जास्त त्रास. म्हणजे बघा, शेतकऱ्याने वर्षभर एक थेंब औषध मारलं नाही, शेणखत-जीवामृतावर बाग उभी केली आणि उन्हात तापलेल्या जुन्या कॅनमुळे रिपोर्टमध्ये तणनाशक निघालं, सांगा कोणाला समजवणार. म्हणून युरोपचा माल असेल तर जुना कॅन स्वस्तात मिळतोय म्हणून अजिबात घेऊ नका. छोटे कॅन घ्या, सावलीत ठेवा. आल्या आल्या निम्मं पाणी घालून पातळ केलं तर खराब व्हायचा वेग बराच कमी होतो, फक्त कॅनवर मोठ्या अक्षरात लिहा की पातळ केलंय, नाहीतर हौदाचा हिशोब चुकतो.

टीसीएल पावडरचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पण विचारतात लोक, ग्रामपंचायतीची फुकट मिळते म्हणून. मिळते, पण ती पावडर पिशवी उघडी राहिली की गपकन उतरते, चुन्याचा गाळ खाली बसतो आणि केळीवर पांढरे ठिपके सोडते, ते पुसत बसायला वेगळी माणसं लागतात. आणि ती फुकटची पावडर गावच्या पाण्याच्या टाकीसाठी असते हो, आपल्या हौदासाठी नाही. कॅल्शियम हायपोक्लोराइटचं चांगलं दाणेदार, ६५ टक्क्याच्या पुढचं, स्विमिंग पूलवाले वापरतात ते वेगळं, ते उन्हाळ्यात हायपोपेक्षा बरं टिकतं. कोरडं ठेवायचं आणि डिझेल-तेलाच्या जवळपास नाही, आग लागते.

गोळ्यांचं सांगतो. क्लोरीन डायऑक्साइडला पीएचचं एवढं कौतुक नसतं, ६ असो की ९, काम करतं, आपल्या जड पाण्याला हे बरं पडतं. चीक-मातीनेही हायपोएवढं लगेच वाया जात नाही. हौदात अमेरिकन नियमाने ३ पीपीएमच्या वर शिल्लक राहू द्यायचं नाही आणि नंतर पिण्याच्या पाण्याने धुवायचं, ऑरगॅनिकला त्या शेवटच्या पाण्यात ०.८. आकडे छोटे आहेत म्हणून कमी समजू नका. दीड मार्क कापले त्याची कारणं: महाग आहेत, उघड्या हौदातून गॅस उडून जातो म्हणून बंद शेडमध्ये डोकं दुखतं, आणि मोजायला साधी क्लोरीनची पट्टी नीट चालत नाही, वेगळी घ्यावी लागते. आणि एक मोठा चकवा. बाजारात क्लोरीनच्या गोळ्या म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं क्लोरीन डायऑक्साइड नसतंच, ते असतं सोडियम डायक्लोरोआयसोसायन्यूरेट, पुरात पाणी शुद्ध करायला वाटतात त्या गोळ्या. त्या वाईट नाहीत, पण अमेरिकेच्या ऑरगॅनिक यादीतल्या चारांत हे नाव नाही. पाकिटावर मागे बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाचा. आमच्याकडे दुकानदाराने आधी हेच काढून दिलं होतं, गोळी ती गोळी म्हणून.

ड्रिपवाल्यांसाठी वेगळं सांगतो कारण हे कोणीच सांगत नाही. ड्रिपचं माहेरघर आपला जळगाव जिल्हा, लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रिपच्या बारीक नळ्यांत, शेवाळ धरलं की क्लोरीन सोडायचं आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं, साध्या बागेत १०-२० पीपीएम किंवा त्याच्याही वर सोडून रात्रभर बंद ठेवतात. ऑरगॅनिक बागेला मात्र तोच ४ चा आकडा इथेही लागतो. पिकाला लागणारं किंवा ड्रिप साफ केल्यावर जमिनीत जाणारं पाणी ४ पीपीएमच्या वर नको. म्हणजे शेवटच्या ड्रीपरखाली ग्लास धरायचा आणि कमी रेंजची पट्टी बुडवायची. १००० लिटरला १० टक्क्याचं हायपो ४० मिलि टाकलं की ४ होतं, एवढंच. जास्त जाम असेल तर दुसरं काही बघा, हायड्रोजन पेरॉक्साइड, सायट्रिक, पण ते पण सर्टिफिकेशनवाल्याला आधी विचारून.

क्रेट, चाकू, टेबल यांचं सोपं आहे. अमेरिकेत वस्तूंना २०० पीपीएमपर्यंतचं पाणी मारून निथळू दिलं तर परत धुवायची सक्ती नाही. आधी घासून चीक काढा, चिकट क्रेटवर हायपो शिंपडणं म्हणजे मळक्या अंगावर अत्तर. जे क्वाटचं (क्वाटर्नरी अमोनियमचं) सॅनिटायझर हॉटेलवाले वापरतात ते ऑरगॅनिक मालाच्या क्रेटला नको, ते पृष्ठभागाला चिकटून राहतं, वापरलंच तर पाण्याने पूर्ण काढल्याचं दाखवावं लागतं.

मोडाच्या कडधान्यांचं वाचून मात्र मी हसलो. ऑरगॅनिकमध्ये सगळ्यांना ४ चा नियम आणि खायच्या मोडांना लेबलप्रमाणे सूट. तिकडे मोड आणायच्या बियांना २०,००० पीपीएम कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवायची शिफारस एफडीएने, म्हणजे त्यांच्या अन्न-औषध खात्याने, १९९९ मध्ये केली होती, कारण ओल्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात आणि तिकडे लोक मोड कच्चेच खातात. आपल्या बाया मटकी फडक्यात बांधतात आणि नंतर फोडणीत शिजवतात, प्रश्न मिटला.

घरच्या भाजीचंही विचारलं जातं म्हणून. एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये लॉकडाऊनच्या वेळी सांगितलं होतं की फळं-भाज्या ५० पीपीएम क्लोरीनच्या पाण्यात बुडवा, साबण, डिसइन्फेक्टंट, वाइप्स वापरू नका. तेव्हा आमच्या गल्लीत वांगी भांड्याच्या साबणाने धुवून दोरीवर वाळत घातलेली मी बघितलीत, आणि ती भरिताची वांगी, विचार करा. ५० पीपीएम म्हणजे ४ टक्क्याचं बिनवासाचं हायपो १० लिटरला साधारण १२ मिलि, पाच मिनिटं, मग साध्या पाण्याने धुवायचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वेगळं, आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात ते लिटरला ०.२ मिलिग्रॅम असावं आणि दुसरा स्रोत नसेल तर १ पर्यंत चालतं, म्हणजे अमेरिकेच्या ४ च्या बरंच खाली. त्यामुळे गावच्या क्लोरीन टाकलेल्या नळाच्या पाण्याने ऑरगॅनिक माल खंगाळला तर सर्टिफिकेट जातं ही जी अफवा आमच्याकडे फिरते ती सोडून द्या. उलट शेवटच्या पाण्याला तेच बरं, बोअरच्या पाण्यात ई-कोलाय निघाला तर कोण वाचवणार.

सरकारी नियमांवर माझं मत विचाराल तर अमेरिकेचा हा नियम बऱ्यापैकी शहाणा आहे. क्लोरीन पूर्ण बंद केलं असतं तर ऑरगॅनिक माल जंतूंमुळे परत आला असता, मोकळं सोडलं असतं तर ऑरगॅनिकच्या नावाला अर्थ राहिला नसता, त्यांनी मोजायची जागा ठरवून दिली. दर पाच वर्षांनी यादी परत तपासतात, चर्चा होते, विरोध करणारेही असतात. युरोपचं मला जरा अति वाटतं, कोंबडी क्लोरीनच्या पाण्यात धुतली म्हणून १९९७ पासून अमेरिकन चिकन बंद, पण त्यांचं म्हणणं असं की शेवटी धुवून घाण झाकण्यापेक्षा आधीपासून स्वच्छ ठेवा, हे ऐकून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे अडचण नियमाची नाही, तो सांगणाऱ्याची आहे. शेतकऱ्याला नियम कळतो तो दुकानदाराकडून, आणि दुकानदाराला कळतो तो स्टिकरवरून.

परअॅसेटिक अॅसिडचं, हे पण माल धुवायच्या पाण्यात टाकायचं सॅनिटायझर, मी फक्त दुसऱ्याच्या शेडवर बघितलंय, सावद्याकडे एकाने लावलंय. व्हिनेगरसारखा तिखट वास, शेवटी अॅसेटिक अॅसिड, पाणी आणि ऑक्सिजन एवढंच उरतं, क्लोरेटची कटकट नाही. पण कॅनची किंमत ऐकून आमच्या खजिनदाराने विषयच बदलला. आमचं वापरून झालं नाही म्हणून मार्क देत नाही.

पट्ट्या कुठे मिळतात हे सगळे विचारतात. केमिकलच्या दुकानात नाही मिळत, तिथे विचारलं तर माणूस आपल्याकडेच संशयाने बघतो. स्विमिंग पूलचं सामान विकणारे आणि मत्स्यालयवाले ठेवतात, नाहीतर ऑनलाइन. एक बाटली पाचशे-सहाशेच्या घरात पडते, रोज दोन-तीन वापरल्या तरी बरेच दिवस जाते. घेताना एक्सपायरी बघा आणि झाकणात ओलावा शोषणारी पुडी आहे का तेही. हौदावरच्या माणसाने ओल्या हाताने बाटलीत बोटं घातली की खालच्या सगळ्या पट्ट्या आधीच रंगतात, म्हणून आमच्याकडे आता सकाळी दिवसाच्या पट्ट्या कोरड्या डबीत काढून देतात आणि बाटली ऑफिसच्या कपाटात राहते. रजिस्टरमध्ये वेळ, हौदाचा आकडा, शेवटच्या पाण्याचा आकडा आणि सही, चारच रकाने, आप्पा स्वतः भरतात. दुकानदाराला पण परवा सांगून आलो की कॅन भरल्याची तारीख मार्करने लिहून देणार असशील तरच घेतो. लिहून दिली त्याने, खरी की खोटी ते हौदात पट्टी बुडवली की कळेलच.